वार्सितीचा होकार

त्या एका आठवड्यात वार्सितीने दोन ठिकाणी हो म्हटलं, आणि दोन्ही ठिकाणी ते खरं धरलं गेलं. एक हो मुलाला, फोनवर. दुसरं छापखान्यातल्या कॉम्प्युटरला.

एरवी जावा बेटावरच्या मुंतिलानमध्ये असा घोटाळा होत नाही. इथे माणूस हो म्हणाला की ऐकणारा त्याच्या तोंडाकडे बघत नाही, खांद्यांकडे बघतो. खांदे जरा आत गेले, आवाज अर्ध्यावर खाली आला, की समजायचं: हे हो म्हणजे 'कळलं, आता विषय बदला'. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या पुढचं ताट ओढून घेणं. पोरांना हे दुधाच्या दातांबरोबर येतं. ज्याला येत नाही त्याला लोक 'अजून जावाचा झाला नाही' म्हणतात आणि क्षमा करतात.

वार्सिती या विद्येत गावापेक्षाही चार पावलं पुढे होती. बघायला आले तेव्हा ती खाली मान घालून हो म्हणाली, आणि नशीब असं की सार्जोनो भला माणूस निघाला. मेरापी या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याची वाळू ट्रकने वाहायचा, घरी आला की पाय धुऊन गप्प बसायचा. ते एक हो तेवढं फळलं. बाकीच्यांचा हिशेब मात्र बरा नव्हता. नणंद शिलाई मशीन 'दोन दिवसांसाठी' मागायला आली, हो. ते मशीन आता नणंदेच्या सुनेकडे आहे. शेजाऱ्याने विचारलं, बोकड तुमच्या मोगऱ्याशेजारी बांधू का, हो. मोगरा गेला. आणि छापखान्यातल्या पहिल्या दिवशी मालक कोह हानने (चिनी माणसाला दादा म्हणायचं तर कोह) चहा पुढे करून विचारलं, "साखर पुरेशी आहे ना, बू?" वार्सितीला चहा बिनसाखरेचा लागतो. ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून ती पाकासारखा चहा पीत आली आहे.

बू, पुरतं म्हणायचं तर इबू, म्हणजे आई, मावशी, बाई, जे म्हणाल ते. सार्जोनो गेल्यावर तर अख्खी गल्ली तिला बू म्हणायला लागली. मुलगा अंगोरो शिकायला म्हणून दूर राजधानीजवळच्या बेकासीला गेला, कारखान्यात लागला, तिकडचाच झाला. लग्न केलं ते सुमात्राकडच्या रोसनिदाशी. सुमात्राची माणसं मनात येईल ते बोलतात, आणि जे मनात येत नाही तेही बोलतात, असं मुंतिलानचं मत आहे. रोसनिदाने लग्नानंतर पहिल्याच जेवणात सासूला सांगितलं, "इबू, भाजी गोड झालीय." जेवणावर दोन मिनिटं शोककळा पसरली होती.

छापखाना बाजारामागच्या चिनी गल्लीत. कोह हानचे आजोबा तिथे शिसाची अक्षरं जुळवायचे, आता कॉम्प्युटर आहे. लग्नपत्रिका, शाळेची प्रगतिपुस्तकं, आणि सगळ्यात जास्त कुराणातल्या यासीन अध्यायाच्या पुस्तिका. माणूस गेला की चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी घरी पाठ होतो, आणि आलेल्या प्रत्येकाला त्या माणसाचं नाव नि फोटो छापलेली पुस्तिका देतात. या पंचक्रोशीतले बहुतेक मेलेले लोक वार्सितीच्या हाताखालून गेले आहेत.

ती त्या खुर्चीवर कशी बसली, तीही होकाराचीच गोष्ट. मागे एकदा चोरीच्या सॉफ्टवेअरवरून दुकानादुकानांवर छापे पडायला लागले. कोह हानची झोप उडाली. त्याने रिबुत नावाच्या एका कॉलेजच्या पोराला बोलावलं आणि सगळं पुसून फुकटचं, मोकळं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. बटणं वेगळी, नावं वेगळी, खिडक्या वेगळ्या. जुने दोन जुळारी म्हणाले, हे लचांड आमच्याच्याने व्हायचं नाही, आणि मागेलांग शहरातल्या छापखान्यात निघून गेले. वार्सिती तेव्हा पुस्तिका शिवायला बसायची. कोह हानने अडल्या नारायणासारखं तिच्याकडे बघितलं. "तुम्हाला जमेल ना, बू?"

ते हो म्हणजे शंभर टक्के नाही होतं. पण कोह हानला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याने तिच्या खांद्यांकडे बघायचं टाळलं. ती मागच्या मोरीत जाऊन रडली, तोंड धुतलं, आणि शिकली.

आणि त्या खुर्चीवर एक वेगळीच बाई बसायला लागली. कडेची वेलबुट्टी कोणती, अक्षर केवढं, म्हाताऱ्याच्या फोटोतली मागची दोरी नि तिच्यावरची लुंगी कशी पुसायची, हे तिला कोणी विचारत नव्हतं. ते ती ठरवायची. एक ओळ केसभर डावीकडे घेण्यासाठी दुपार घालवायची. मेरापी फुटला त्या साली छपरावर वीतभर राख साठली, कीबोर्डची बटणं दाबली की आत करकर वाजायचं. तिने एकेक बटण काढून रंगाच्या ब्रशने झाडलं आणि पुन्हा बसवलं. घरात, गल्लीत, नात्यात जी बाई सगळ्यांच्या मताची होती, तिचं स्वतःचं मत म्हणून जे काही होतं ते त्या खुर्चीवर होतं. ते जायला नको, एवढंच तिला हवं होतं. पण कोणाला हे माहीत नव्हतं, कारण ती ते कोणाला बोलली नव्हती.

तर त्या आठवड्यात अंगोरोचा फोन आला. "बू, किती दिवस एकट्या राहणार? या शनिवारी येतो, तुम्हाला घेऊन जातो. कायमचं. सेकारला आजी हवीय. ठीक ना?"

"हो," वार्सिती म्हणाली. आवाज पार विहिरीत गेला होता. मुंतिलानमध्ये जन्मलेल्या पोराला ते ऐकू यायला हवं होतं. कदाचित आलंही असेल. पण माणसाला जे ऐकायचं नसतं ते फोनमध्ये हमखास तुटतं. त्याने लगेच कोह हानलाही फोन केला.

दुसऱ्या दिवशी कोह हान म्हणाला, "अंगोरो बोलला. छान झालं, बू. नातीजवळ राहाल."

"हो, कोह."

"मी म्हणतो, तुमच्यामागे हे जुनं यंत्र कोण चालवणार? जुळणीची कामं मागेलांगलाच देऊन टाकीन. हे भंगारात."

"हो," वार्सिती म्हणाली. आपलं फोनवरचं हो गावभर फिरून परत आलंय, हे तिला तेव्हा कळलं. आता ते मोडायचं कसं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

हातात होतं ते तिने केलं. घर सोडताना चूल सारवून जावी, तसं यंत्र नीट करून जायचं तिने ठरवलं. पडद्याच्या कोपऱ्यात कधीपासून एक नारिंगी खूण लुकलुकत होती: अपडेट आलंय. रिबुतने बजावून ठेवलं होतं, "हे एकट्याने करू नका, मला फोन करा." पण रिबुत आता कॉम्प्युटर सोडून तेमांगुंगला मिरच्या लावत होता, आणि मिरच्यांच्या तोडणीत माणसाला कसा त्रास द्यायचा? म्हणून तिने एकटीनेच सुरुवात केली.

बराच वेळ ओळी सरसर वर गेल्या. मग यंत्र थांबलं आणि त्याने विचारलं: या फाइलीत तुमच्याकडे बदल केलेले आहेत. बनवणाऱ्याने नवीन पाठवली आहे. नवीन घ्यायची का? हो की नाही?

आता पाठवलंय म्हटल्यावर काय करणार? शेजारी केंदुरी, म्हणजे पाठाची पंगत, झाली की जेवणाचा डबा येतो, भात, अंडं, कोंबडीचा तुकडा. पोट फुटायला आलेलं असलं तरी तो प्रसादाचा डबा, तो बेर्काट, दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. मनातल्या मनात आभार मानून वार्सितीने हो दाबलं. पुढे त्याने आणखी काही विचारलं, त्यालाही हो. मग यंत्र म्हणालं, पुन्हा सुरू करू? हो.

पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, आणि तिच्यापुढे एक रेघ, लुकलुक, लुकलुक. खिडक्या नाहीत, बाण नाही, फाइलींचे फोल्डर नाहीत. तिने बंद करून चालू केलं. तेच. तिसऱ्यांदा तेच.

आणि या वेळी यंत्राच्या पोटात पाक स्लामेतच्या हजाराव्याची पुस्तिका होती. पाक म्हणजे काका, आणि हे स्लामेतकाका म्हणजे बाजारात तीस-पस्तीस वर्षं वजनकाटे तपासणारा माणूस, अख्खा बाजार पाठाला येणार होता. पाठ उद्या संध्याकाळी. सगळी जुळणी झालेली, फक्त छापायची बाकी. आणि जे आता उद्यापर्यंत उठणार नाही, ते शनिवारनंतर कोणी उठवणारही नाही, हे वार्सितीला स्पष्ट दिसत होतं. यंत्र भंगारात, आणि त्याच्यासमोरची खुर्ची कोह हानच्या बायकोच्या अंगणात, कुंड्या ठेवायला.

सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी तिने रिबुतला फोन लावला. त्याला ती मास, म्हणजे दादा, म्हणायची.

"मास रिबुत, मिरच्या कशा आहेत?"

"लाल आहेत. पाऊस कसा आहे, बायको कशी आहे, हे पण विचारून टाका, बू, आणि मग सांगा काय मोडलंय."

"मोडलं काही नाही. यंत्र जरा काळं पडलंय."

"काळं म्हणजे बंद?"

"नाही. अक्षरं आहेत. मला माझं नाव विचारतंय. इतकी वर्षं बसतेय त्याच्यापुढे, आणि नाव विचारतंय!"

"मग जिवंत आहे. नाव सांगा, पासवर्ड सांगा. टाइप करताना पासवर्ड दिसणार नाही, घाबरू नका."

ती आत शिरली. म्हणजे काळ्यातून काळ्यातच, पण आता रेघ तिची वाट बघत होती.

"असं समजा," रिबुत म्हणाला, "घर दुमजली आहे. खालचा मजला अक्षरांचा, तो शाबूत आहे. वरचा चित्रांचा. खिडक्या, बाण, तुमच्या वेलबुट्ट्या, सगळं वर. वरचा मजला चालवणारा जो आहे तो उठत नाहीये. का उठत नाही ते त्याने लिहून ठेवलेलं असतं. मी सांगतो ते टाइप करा."

त्याने एकेक अक्षर सांगितलं, तिने एकेक अक्षर मारलं. पडद्यावर ओळींचा लोंढा आला.

"बाप रे. मास, हे सगळं वाचायचं?"

"नाही नाही. लग्नातल्या भाषणासारखं आहे ते. ज्या ओळीच्या सुरुवातीला दोन 'ई' असतील तेवढीच वाचा."

तिने चष्मा वर सरकवला. "दोन 'ई'. 'पडदा सापडला नाही'." ती थांबली. "अहो, पडदा माझ्या नाकापुढे आहे. कालच मी तो पुसलाय."

"तुम्हाला सापडला, बू. त्याला सापडला नाही. पडद्यावर चित्र काढणारं तुमचं ते कार्ड इतकं म्हातारं आहे की नवीन लोक त्याला ओळखत नाहीत. म्हणून मी एका फाइलीत लिहून ठेवलं होतं, कार्ड अमुक, पडदा तमुक. ती फाइल बदललेली दिसतेय." तो जरा थांबला. "अपडेट केलं का?"

"केलं असेल."

"करताना त्याने काही विचारलं?"

"विचारलं असेल."

"बू."

"ऐकतेय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

बाहेर कोह हानने शटर वर केलं. वार्सितीने फोनवर हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याने पाठवलं होतं हो. ज्याने बनवलं त्याने. पाठवलेलं परत कसं करायचं?"

 पलीकडे रिबुत एवढ्याने हसला की शेतातली कोणीतरी बाई विचारायला लागली, काय झालं म्हणून.

"बू, तो शेजारी नाही तुमचा! त्याला राग येत नाही, लोभ येत नाही. केंदुरी नाही, बेर्काट नाही. तो विचारतो, कारण त्याला खरंच माहीत नसतं. तुम्ही जे म्हणाल तेच तो धरतो. खांदे बघायला त्याला डोळे कुठे आहेत?"

 वार्सितीला शरम वाटली, आणि का कोण जाणे, अंगोरोची आठवण झाली.

"मग जुनी फाइल गेली?" तिने विचारलं.

"नाही ना. तिथे तो माणसांपेक्षा बरा. तुम्ही नवीन घेतलं तरी जुनं फेकत नाही. त्याच कपाटात, नावाला शेपूट जोडून ठेवतो. तीच परत आणायची."

"हो म्हटल्यावर परत आणता येतं?"

"येतं की. दोन ओळींचं काम आहे."

दोन ओळींना अर्धा तास लागला, कारण तिरकी रेघ कुठे उजवीकडे झुकते आणि कुठे डावीकडे, यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी फाइल जागेवर आली. तिने पुन्हा सुरू केलं. पडदा एकदा राखाडी चमकला, वार्सितीच्या तोंडून "अल्हम्दु..." निघालं, आणि पडदा परत काळा.

कोह हान चहा घेऊन मागे उभा होता. "राहू द्या, बू. दमला असाल. पुस्तिकेचं मी मागेलांगला बघतो. तसंही तुम्ही जाणारच."

"हो, कोह," वार्सिती म्हणाली आणि फोन कानाला लावून टाइप करत राहिली. कोह हानने तिच्या खांद्यांकडे बघितलं. ते खांदे आत गेलेले नव्हते. चहा टेबलावर ठेवून तो पुढच्या खोलीत गेला.

"आता दोन 'ई' काय म्हणतात?" रिबुतने विचारलं.

तिने वाचलं. तक्रार बदलली होती. आता पडद्याचं नाव नव्हतं, कार्ड चालवणारा ड्रायव्हर म्हणून जो असतो, तो सापडत नव्हता.

"बू, खरं सांगा. आणखी कशाकशाला हो म्हटलंत?"

"एकच होतं. 'हे जुनं आता लागत नाही, काढून टाकू का?' म्हणाला. मी म्हटलं, लागत नसेल तर..."

"तेच लागत होतं!"

वार्सितीने रेघेकडे बघितलं. जुनं आता लागत नाही, काढून टाकू का. काल हे वाचताना तिला काहीच वाटलं नव्हतं. आता तिने पाकासारख्या चहाचा मोठा घोट घेतला.

रिबुतचं म्हणणं पडलं की हा ड्रायव्हर बाहेर आता मिळायचा नाही, पण पूर्वी उतरवून घेतलेली त्याची पुडी यंत्राने जपून ठेवलेली असते. ती होती. वार्सितीने ती बसवायला घेतली. ओळी वर सरकल्या, आणि अर्ध्यावर यंत्र थांबलं. तुमच्याकडची फाइल बनवणाऱ्याच्या फाइलीपेक्षा वेगळी आहे. नवीन घ्यायची का? हो की नाही?

"आलं का ते?" रिबुत म्हणाला.

"आलं. तुम्हीच दाबा ना, मास."

"मी तेमांगुंगला आहे, बू!"

तिने बोट नाहीच्या अक्षराच्या बटणावर नेलं. हे बटण तिने आयुष्यात हजारदा दाबलं असेल, कोणाच्या ना कोणाच्या नावात ते अक्षर असतंच. पण उत्तर म्हणून कधीच नाही. ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "माफ करा हं," आणि दाबलं.

काहीच झालं नाही. यंत्राने तोंड वाकडं केलं नाही, 'बघा बाई, तुमची मर्जी' म्हणालं नाही. जुनी फाइल ठेवली, असं एका ओळीत सांगितलं आणि ते पुढच्या कामाला लागलं. वार्सिती त्या ओळीकडे बघतच राहिली.

मग पडदा राखाडी झाला, निळा झाला, आणि फोल्डर एकेक करून जागच्या जागी उगवले. बाण मधोमध येऊन उभा राहिला. तिने पाक स्लामेतची पुस्तिका उघडली. म्हातारा काट्याकडे बघतो तसा तिच्याकडे संशयाने बघत होता.

"झालं?" कोह हानने दारातून विचारलं.

"हो." हे हो खरं होतं, ते त्यालाही कळलं.

छपाई झाली, शिवण झाली, संध्याकाळी पाठाला पुस्तिका पोचल्या. कोह हान म्हणाला, "जाता जाता शेवटचं काम झकास केलंत, बू." आणि वार्सितीचा आनंद तिथेच विरला.

शनिवारी गाडी आली. अंगोरोने उतरल्या उतरल्या चाकं असलेली नवी कोरी बॅग काढली. "तुमच्यासाठी, बू." रोसनिदा सेकारला कडेवर घेऊन आली. वार्सितीने केळीच्या पानातलं टापे केतान, म्हणजे आंबवलेला गोड भात, सालाकची फळं आणि सोयाबीनचं तेम्पे पुढे मांडलं. सेकार उतीच्या, म्हणजे आजीच्या, मांडीवर चढून बसली आणि तिचा चष्मा मागायला लागली.

"तयार ना, बू? उद्या सकाळी निघू."

वार्सितीने श्वास घेतला. "मला नाही रे जमायचं."

अंगोरो हसला. पहिलं नाही हे इथे शिष्टाचाराचं असतं. जेवायला बसा म्हटलं की आधी नको म्हणायचं, मग बसायचं. "तुम्हाला आमच्या घरात संकोच वाटतोय. काही वाटून घ्यायचं नाही."

"इथे काम आहे माझं."

"कोह हानशी बोलणं झालंय. त्यांची हरकत नाही." आणि तो आत जाऊन तिच्या कपड्यांचं खोकं ओढायला लागला. खोकं जड होतं. वार्सिती उठली आणि सवयीने तिने दुसरी बाजू धरली. आयुष्यभर न बोललेल्या नाहीची ही शिक्षा होती. बोलली तरी कोणाला ऐकू येत नव्हतं, आणि हात मात्र स्वतःलाच घराबाहेर काढायला मदत करत होते.

"थांब जरा," रोसनिदा म्हणाली.

अंगोरो थांबला. सासूसुद्धा थांबली, खोकं धरून.

"इबू, मी सरळच विचारते. तुम्ही लोक काय बोलता ते मला कळत नाही. लग्न झाल्यापासून कळलेलं नाही. हा म्हणतो, 'आईच्या आवाजावरून समजायचं', पण मला नाही समजत त्याला काय करू? तुम्हाला आमच्याकडे राहायला यायचंय का? हो, की नाही?"

"अगं, असं काय विचारतेस तोंडावर..." अंगोरो म्हणाला.

"तू गप्प बस. मला माहीत नाही म्हणून विचारतेय."

आणि ती थांबली. ती हसली नाही, मान डोलावली नाही, उत्तर तोंडात घातलं नाही. नुसती सासूकडे बघत उभी राहिली. असं विचारणं आणि असं थांबणं वार्सितीच्या ओळखीचं झालं होतं. तिने खोक्याची आपली बाजू खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "मला माझ्या खुर्चीवर बसायचंय."

"बरं," रोसनिदा म्हणाली. "मग नाही. अंगोरो, खोकं आत ठेव. इबू, ते टापे आणखी आहे का? भारी आहे. गोड आहे, पण भारी आहे."

अंगोरो पायरीवर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने वार्सिती त्याच्याजवळ गेली.

"फोनवर हो म्हणाला होतात," तो म्हणाला.

"म्हणाले होते. ते परत घेते."

"मला वाटलंच होतं." तो मेरापीच्या दिशेने बघत होता. ढगांमुळे डोंगर दिसत नव्हता. "आवाजावरून कळलं होतं मला. पण बू, तो पुन्हा फुटला, किंवा तुम्ही मोरीत पडलात, तर मी तिकडे बेकासीत काय करू? शेजाऱ्यांचा फोन येईपर्यंत काय करू?"

 पोराचं काळीज वार्सितीसाठी तुटत होतं आणि त्यावर तिच्याकडे कुठलीच गोड थाप नव्हती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघं तिथेच बसून राहिली.

संध्याकाळी तो कोह हानला सांगायला गेला. कोह हान म्हणाला, "यंत्र आहे तिथेच आहे. मला कल्पना होती. यंत्र दुरुस्त करताना मी त्यांचे खांदे बघितले होते."

"मग बोलला का नाहीत, कोह?"

"मला कोणी विचारलं?" कोह हान म्हणाला.

रविवारी सकाळी गाडी निघाली. मागच्या सीटवर उतीसाठी म्हणून आणलेली उशी होती, नवा अभ्रा घातलेली. सेकारने ती एका बाजूला सरकवली, जागा थोपटली आणि खिडकीतून हाक मारली, "उती, ये ना. इथे बस. येतेस ना?"

वार्सितीच्या तोंडात हो येऊन पोचलं होतं. एवढ्याशा पोरीला हो म्हणायला काय जातं? येते हं, मागून येते, म्हणायचं. पोर हसत जाईल, वाटेत झोपेल, विसरेल. गल्लीतल्या सगळ्या आज्या असंच म्हणतात. पण सेकार तिच्या तोंडाकडे बघत होती. ती तिच्या आईची मुलगी होती. तिला माहीत नव्हतं म्हणून ती विचारत होती, आणि जे सांगितलं जाईल तेच ती धरून बसणार होती, रोज दाराशी.

"नाही गं राणी," वार्सिती म्हणाली. "उती येत नाही."

सेकारने भोकाड पसरलं. रोसनिदाने तिला गप्प केलं नाही, काचही वर केली नाही. गाडी बाजाराच्या वळणाला लागेपर्यंत ते रडणं ऐकू येत होतं. वार्सिती घरात गेली नाही. ते ऐकू येईनासं होईपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली.